वाचकांचे प्रश्न : एवढासा ‘ना’, पसारा केवढा

या वेळी भाषेवरचे जे प्रश्न आलेत त्यातले निम्म्याहून जास्त एकाच शब्दाभोवती फिरतायत, आपला रोजचा ‘ना’. कुणी ‘न’ लिहिलंय, कुणी ‘ना’, कुणाला परभाषेतला ‘ने’ खटकलाय, पण धागा एकच, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी पानं यालाच देतेय.

प्रश्न : ताई, कोरियन मालिका बघायची सवय लागलीये. त्यात सगळे सारखे ‘ने, ने’ करत असतात आणि खाली ‘हो’ असं भाषांतर येतं. मैत्रीण म्हणाली ग्रीकमधेपण ‘ने’ म्हणजे हो. आपल्याकडे तर न आला की नकार. शब्द एकच आणि मधेच कुणीतरी अर्थ फिरवला असं झालंय का?

नाही, अर्थ कुणीच फिरवलेला नाही. कोरियन ‘ने’, ग्रीक ‘ने’ आणि आपला ‘ना’ हे तीन वेगवेगळे शब्द आहेत, फक्त कानाला सारखे लागतात.

आधी कोरियन बघू. तिथला ‘ने’ म्हणजे हो खरा, पण तेवढ्यावर थांबत नाही, ‘ऐकतोय’, ‘बरं’, ‘काय म्हणालात?’ अशा सगळ्या जागी तो येतो, आपण फोनवर समोरच्याचं बोलणं चालू असताना हं हं करत असतो ना, ते कामसुद्धा तोच करतो. त्याचंच दुसरं रूप ‘ये’, जरा जास्त अदबीचं, आणि 1988 च्या प्रमाणभाषेच्या नियमांत दोन्ही रूपं बरोबर धरलीयत. पुढचा भाग बघताना नीट कान देऊन ऐका, बरेचदा तो ‘ने’ न वाटता ‘दे’ वाटेल, कारण सोलकडच्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीला न आला की त्यातला नाकातला सूर बराच कमी होतो. आणि कोरियनमधे नाही कसं म्हणतात? ‘आनियो’. क्रियापदाच्या आधी ‘आन्’ लावला की वाक्य नकारार्थी. म्हणजे न तिथल्या नकारातही आहेच, पण तोही आपल्या गोतावळ्यातला नाही, कोरियन भाषेचं कूळच वेगळं.

ग्रीकचं मात्र तसं नाही. ग्रीक ही संस्कृतची लांबची बहीण, त्यामुळे तिथे ‘ने’ म्हणजे हो हे ऐकून चमकायला होणं साहजिकच आहे. पण हा ‘ने’ निघालाय जुन्या ग्रीकमधल्या ‘नाइ’ वरून, ज्याचा अर्थ ‘खरंच’, ‘निश्चित’. त्याच्याच जवळचा शब्द शपथ घेताना यायचा, ‘ने दिआ’ म्हणजे ‘झ्यूसची शपथ’. नकाराचा जो जुना न संस्कृतकडे आला तो ग्रीकांनी साध्या वाक्यातून कधीच सोडून दिला होता, त्यांनी नकाराला ‘ऊ’ घेतला, त्याचं ठासून म्हणायचं रूप ‘ऊखी’, आणि त्याचंच आजचं रूप ‘ओही’. हा ‘ओही’ तिथे फार मानाचा शब्द आहे. 28 ऑक्टोबर 1940 ला इटलीने ग्रीसला निर्वाणीचा खलिता दिला, आमचं सैन्य आत येऊ द्या नाहीतर युद्ध, आणि पंतप्रधान मेताक्सास यांनी नकार दिला. तो दिवस आजही ‘ओही दिवस’ म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा असतो. एका नकारासाठी अख्ख्या देशाला सुट्टी, मला ही गोष्ट फार आवडते.

आता मुद्द्याची गोष्ट. न हा आवाज जगातल्या जवळजवळ सगळ्या भाषांत आहे, आणि त्याला लावायला मोजकेच स्वर असतात, त्यामुळे ना, ने, नो, नि असले एकाक्षरी शब्द प्रत्येक भाषेत तयार होणारच आणि त्यातले काही योगायोगाने जुळणारच. दोन भाषांतला एक छोटा शब्द जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही. नातं बघायचं असेल तर त्या शब्दाच्या आजूबाजूचे शब्द तपासायचे. संस्कृत ‘नव’, लॅटिन ‘नोवेम’, इंग्रजी ‘नाइन’. संस्कृत ‘नाम’, लॅटिन ‘नोमेन’, इंग्रजी ‘नेम’. संस्कृत ‘नासा’, इंग्रजी ‘नोज’. न च्या जागी दर वेळी न च येतोय, मग नकाराचा न, लॅटिनमधला ‘ने’ आणि जुन्या इंग्रजीतला ‘ने’ त्याच रांगेत अगदी बरोबर बसतात. ग्रीकचं ‘एनेआ’ म्हणजे नऊ आणि ‘ओनोमा’ म्हणजे नाव, पुढे एक जास्तीचा स्वर दिसतो पण न जागेवर आहे. आता हीच चाचणी कोरियनला लावा. नऊला ‘आहोप’, नावाला ‘इरुम’, नाकाला ‘खो’. काहीच जुळत नाही. ‘ने’ एकटाच पडतो.

प्रश्न : आमच्याकडे वाद चाललाय. मी म्हणतो ‘नापसंत’, ‘नालायक’ मधला ना हा आपला संस्कृतचा न. भावाचं म्हणणं तो फारसी. कोण बरोबर? आणि ‘नेस्तनाबूत’ हा काय प्रकार आहे?

भाऊ बरोबर, पण तुमचंही पूर्ण चुकलं असं नाही.

शब्दाच्या पुढे ‘ना’ चिकटवून नकार करायची ही पद्धत मराठीत फारसीतून आली. नापसंत, नाखूष, नाराज, नामंजूर, नालायक, नाइलाज, नाहक हे सगळे त्या वाटेने आलेले. यातले लायक, इलाज, हक मुळात अरबी, फारसीने त्यांना आपला ना लावला आणि तो जोडशब्द तसाच्या तसा आपल्याकडे आला. नंतर मराठीने तो ना सुटा करून घेतला आणि मिळेल त्या शब्दाला लावायला सुरुवात केली. ‘नापीक’ बघा, पीक आपलं, ‘पक्व’ वरून आलेलं, आणि पुढे फारसी ना. आणि सगळ्यात भारी म्हणजे ‘नापास’, पुढे फारसी ना, मागे इंग्रजी पास, आणि शब्द अस्सल मराठी, कुणाला परका वाटत नाही.

पण हा फारसी ना आणि संस्कृत न हे दोघे सख्ख्या बहिणींचे मुलगे. जुनी इराणी भाषा आणि वैदिक संस्कृत एकाच घरातल्या, दोघींकडे नकाराला न होताच. त्यामुळे मूळ शोधत मागे गेलं तर तुम्ही दोघं भाऊ एकाच ठिकाणी पोचता.

आता नेस्तनाबूत. हा शब्द मला इतका आवडतो की त्यावर जरा रेंगाळते. फारसीत ‘नीस्त’ म्हणजे ‘नाहीये’. त्याची फोड ‘न’ अधिक ‘अस्त’, आणि हा ‘अस्त’ म्हणजे मावळणं नाही, तो संस्कृतच्या ‘अस्ति’ चा भाऊ, म्हणजे ‘आहे’. पुढचं ‘नाबूद’, त्यातला ‘बूद’ म्हणजे ‘होता’, तो ‘भू’ धातूचा नातलग, ज्यावरून आपल्याकडे ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेलं असं रूप झालं. दोन्ही जोडले की ‘नाहीही आणि नव्हताही’. एखादी गोष्ट आत्ता नाही एवढंच नाही तर कधी होती याची खूणसुद्धा उरली नाही, इतका पक्का नाश. मराठीत येताना शेवटच्या द चा त झाला. संस्कृतात शब्दाला शब्द ठेवला तर ‘नास्ति’ आणि ‘न भूत’, म्हणजे परका वाटणारा हा शब्द आतून जवळजवळ ओळखीचा निघतो.

तो ‘न अस्ति’ चा जोड बाकीच्या बहिणींकडेही गेलाय. रशियन ‘न्येत’ म्हणजे नाही, तोही ‘न’ आणि ‘आहे’ मिळूनच झालेला. आणि आपल्याकडचा ‘नास्तिक’. पाणिनीने त्याच्यासाठी सूत्रच दिलंय, ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’, म्हणजे ज्याची मती ‘अस्ति’ म्हणते तो आस्तिक आणि ज्याची ‘नास्ति’ म्हणते तो नास्तिक. एका पूर्ण छोट्या वाक्याला प्रत्यय लावून माणसाचं विशेषण केलंय.

प्रश्न : व्याख्यानात ऐकलं की वेदात ‘न’ चा अर्थ ‘सारखा’ असाही होतो. हे खरं का? मग वाचणाऱ्याने नाही आणि सारखा यात फरक कसा करायचा?

खरं आहे, आणि हा गोंधळ फार जुना आहे, इतका की यास्क या प्राचीन अभ्यासकाने वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथात सुरुवातीलाच त्याची दखल घेतलीये. तो म्हणतो, बोलीभाषेत न फक्त निषेधाला वापरतात, वेदात मात्र दोन्ही अर्थांनी. मग तो ओळखायची खूण सांगतो आणि ती खरंच कामाची आहे. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी न आला तर तो ‘नाही’. ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर न आला तर तो ‘सारखा’.

उदाहरणंही त्यानेच दिलीयत. पहिलं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, ‘नेन्द्रं देवममंसत’. न आधी, इंद्र नंतर, म्हणून अर्थ ‘इंद्राला देव मानलं नाही’. दुसरं आठव्या मंडलातलं, ‘दुर्मदासो न सुरायाम्’. इथे आधी दुर्मद म्हणजे दारूने झिंगलेले आणि त्यांच्या मागे न, म्हणून अर्थ ‘सुरा पिऊन झिंगलेल्यांसारखे’. हे कळलं नाही आणि सरसकट ‘नाही’ लावत गेलं तर झिंगलेला माणूस एकदम शुद्धीवर येतो आणि ऋचेचा अर्थ उलटा होतो. ऋग्वेदाचं भाषांतर वाचताना कुठे अर्थ विचित्र वाटला तर मूळ ओळीत न कुठे बसलाय ते बघायची सवय लावून घ्या, फार फायदा होतो.

नाही वरून सारखा कसा झाला, याचं एक स्पष्टीकरण असं देतात की मूळ म्हणण्याची ढब ‘हा सिंह नाही, पण जणू सिंहच’ अशी असावी, आणि बोलता बोलता त्यातला नकार पातळ होत गेला आणि साम्य उरलं. मला हे पटतं, कारण ही ढब आपल्याला परकी नाही. शाळेत अपह्नुती अलंकार शिकवतात तो हाच, हे आकाश नाही हा समुद्र आहे, त्या चांदण्या नाहीत तो फेस आहे. स्लाव्ह लोकांच्या जुन्या गाण्यांमधेही अशीच सुरुवात फार येते, तो आकाशात ससाणा नाही उडत, तो अमका वीर निघालाय. ज्याच्याशी तुलना करायची त्यालाच आधी नाकारायचं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे मात्र दोन्ही उभे राहतात.

पुढच्या संस्कृतात हा उपमेचा न गेला आणि ‘इव’ ने सगळी जागा घेतली.

प्रश्न : ‘ये ना’, ‘सांग ना’, ‘हो ना’ यात आपण काहीच नाकारत नाही, मग ना कशाला? मुलांना मराठी शिकवते, त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

मुलांनी नेमका प्रश्न विचारलाय. याची सुरुवात होते ‘तू येतोस ना?’ या वाक्यापासून. ते मुळात ‘तू येतोस, की नाही?’ असं आहे. आपण एक गोष्ट मांडतो आणि लगेच तिची उलट बाजू समोरच्यापुढे ठेवतो, म्हणजे नाही म्हणायची मुभा देतो, पण सूर असा की नाही म्हणू नये. ही युक्ती जगभर आहे. पोर्तुगीजमधे ‘नाऊँ ए’ म्हणजे ‘नाही का’, ते घाईत म्हणताना ‘ने’ झालं आणि आता जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी येतं. काही जर्मन लोकही वाक्य संपवताना ‘ने?’ म्हणतात. लॅटिनमधे तर प्रश्न करायचा असला की शब्दाला मागे ‘ने’ चिकटवायचे, आणि तोही मुळात नकाराचाच ‘ने’ असावा असं मानतात.

एकदा का वाक्याच्या शेवटी ना बसला की नकार विरत जातो आणि उरते ती समोरच्याला आपल्या बाजूला ओढायची लकब. ‘ये’ हा हुकूम आहे, ‘ये ना’ ही विनवणी. ‘हो’ हे उत्तर आहे, ‘हो ना’ म्हणजे ‘मलापण अगदी हेच वाटत होतं’. ‘नाही ना!’ मधे तर दोन्ही शेजारी शेजारी बसलेत, पहिला खरा नकार आणि दुसरा लकबीचा, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. आणि गोष्ट सांगताना जो येतो, ‘तो ना, काल ना, आला होता’, तिथे तर तो नुसता ऐकणाऱ्याचा हात धरून ठेवतो की लक्ष दे, पुढे सांगतोय. मुलांना सांगताना व्याख्या देऊ नका, ‘दे’ आणि ‘दे ना’ ही दोन वाक्यं म्हणायला लावा आणि फरक त्यांनाच सांगू दे.

जपानीतही वाक्याच्या शेवटी ‘ने’ येतो आणि काम अगदी आपल्या ना सारखं, ‘छान हवा आहे ना’ मधल्यासारखं. थाई भाषेत शेवटी ‘न’ जोडला की बोलणं मऊ होतं. हिब्रूत ‘ना’ म्हणजे ‘कृपा करून’, विनंतीचा शब्द, चर्चमधे म्हणतात तो ‘होसान्ना’ त्यावरूनच आला, मूळ ‘होशिआ ना’ म्हणजे ‘वाचव ना’. मराठीत भाषांतर करताना ना जागच्या जागी बसतो! पण पहिल्या उत्तरात म्हटलं तेच इथेही, या तिन्ही भाषा आपल्या कुळातल्या नाहीत, हे साम्य योगायोगाचं आहे.

प्रश्न : बाकी भाषांमधे ‘ना’ चे आणखी काय काय अर्थ आहेत? थोडक्यात सांगितलंत तरी चालेल.

थोडक्यातच सांगते. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझं. कन्नडमधे बोलताना ‘नानु’ चा ‘ना’ होतो, म्हणजे मी. तमिळमधे ‘ना’ म्हणजे जीभ, बोलीपेक्षा ग्रंथात जास्त भेटणारा शब्द. अरबीत शब्दाच्या शेवटी ‘ना’ लागला की ‘आमचं’ किंवा ‘आम्हाला’. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे आणि, सोबत. रशियनमधे ‘ना’ म्हणजे वर, आणि कुणाच्या हातात काही देताना नुसतं ‘ना!’ म्हटलं की ‘घे, धर’. चिनीमधे सूर बदलला की अर्थ बदलतो, एका सुरात ‘ते’, दुसऱ्या सुरात ‘कुठलं’, तिसऱ्या सुरात ‘हातात घे’. तुर्कीत ‘ने’ म्हणजे काय, आणि नाही म्हणायला ‘हायिर’, जो अरबी ‘खैर’ म्हणजे ‘भलं, बरं’ वरून आला, थेट नाही न म्हणता शुभ बोलायचं. आपल्या ‘तुझी खैर नाही’ मधला खैर तोच.

आणि पोलंडला कधी गेलात तर लक्षात असू द्या, तिथे गप्पांमधे ‘नो’ म्हणजे हो. चेकमधे ‘आनो’ म्हणजे हो आणि त्याचं बोलण्यातलं छोटं रूप ‘नो’, तर ‘ने’ म्हणजे नाही. बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाहीच, पण नाही म्हणताना पारंपरिक पद्धतीने मान वर उचलतात आणि हो म्हणताना आडवी हलवतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं नेमकं उलटं चाललंय.

प्रश्न : इतक्या भाषांत नकाराला न च का? त्या आवाजातच नकार असतो का?

हा प्रश्न डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सन या भाषाअभ्यासकालाही पडला होता. 1917 मधे त्याने नकारावर एक पुस्तक लिहिलं, त्यात त्याने असा अंदाज मांडला की किळस आली की माणूस नाक आक्रसतो, त्या हालचालीतून जो नाकातला आवाज निघतो त्यातून न किंवा म चा नकार आला असावा. ऐकायला छान वाटतं, पण मला ते अपुरं वाटतं, कारण अरबीत नकार ‘ला’, चिनीत ‘बु’, तमिळ आणि कन्नडमधे ‘इल्लै’ आणि ‘इल्ला’, फिनिशमधे ‘एइ’. नाक आक्रसायची सवय त्यांनाही आहेच की. अरबी ‘ला’ तर आपल्याकडे येऊनही बसलाय, लाचार, लाजवाब, लावारिस यात तोच आहे. न इतका पसरलेला दिसतो त्याचं मोठं कारण म्हणजे ज्या कुळात तो होता त्या कुळातल्या भाषा भारतापासून युरोपभर बोलल्या जातात.

येस्पर्सनचं खरं मोठं काम वेगळंच आहे. त्याने दाखवलं की नकाराचा शब्द झिजतो. इतका छोटा आणि घाईत म्हटला जाणारा शब्द, हळूहळू ऐकूच येईनासा होतो, मग त्याला आधार द्यायला दुसरा शब्द लावतात, आणि शेवटी तो आधारच नकार होऊन बसतो. फ्रेंचमधे हे आपल्या डोळ्यादेखत झालंय. आधी नुसता ‘ने’ होता. मग जोर द्यायला ‘पा’ लावला, पा म्हणजे पाऊल, ‘एक पाऊलही चालत नाही’ असं म्हणायची पद्धत. नंतर तो पा प्रत्येक क्रियापदाला लागायला लागला, चालण्याचा संबंध नसला तरी. आणि आज बोलताना फ्रेंच माणूस मूळचा ‘ने’ गाळूनच टाकतो, नुसता ‘पा’ म्हणतो, म्हणजे नकाराचं सगळं ओझं पावलावर आलं. आपण ‘कणभर नाही’, ‘तिळमात्र नाही’, ‘एक पैसा नाही’ म्हणतो ती पहिली पायरी, फक्त आपला नाही अजून धडधाकट आहे.

इंग्रजीतही तेच. जुना ‘ने’ होता, तो पुढच्या शब्दात मिसळून गेला. ‘नो’ मधे ‘ने’ आणि ‘कधीही’ असा शब्द आहे, ‘नॉट’ मधे ‘ने’, ‘कधीही’ आणि ‘वस्तू’ असे तीन शब्द दाबून भरलेत. जर्मन ‘नाइन’ म्हणजे ‘न एक’, लॅटिन ‘नॉन’ म्हणजेही ‘न एक’, दोघांनी वेगवेगळं करून उत्तर तेच काढलं. आणि ‘न्यूटर’ लिंग, लॅटिन ‘ने’ अधिक ‘दोघांपैकी एक’, म्हणजे दोन्हींपैकी कुठलंच नाही. आपल्याकडे नपुंसकलिंग, ‘न’ अधिक ‘पुंस’. व्याकरण लिहिताना दोन्हीकडच्यांना तिसऱ्या लिंगाला नाव द्यायला न च आठवला.

प्रश्न : मराठीत नाही, नव्हे, नको, नये इतके नकार कशाला? परदेशी जावयाला शिकवताना नाकी नऊ आले.

जावईबापूंना सांगा, ही मराठीची श्रीमंती आहे आणि चारही शब्दांची कामं वेगळी आहेत. ‘तो घरी नाही’ यात असण्याचा नकार. ‘तो डॉक्टर नव्हे’ यात ओळखीचा नकार, हल्ली तिथेही नाही चालतं पण ‘नव्हे’ ची धार वेगळी. ‘जाऊ नको’ ही मनाई, ‘चहा नको’ ही अनिच्छा. ‘जाऊ नये’ हा सल्ला. याशिवाय ‘नसणे’ हे पूर्ण क्रियापद, जाणता-नेणता मधला ‘नेणे’ म्हणजे न जाणणे, आणि अभंगांत भेटणारा ‘नलगे’. क्रियापदालाच न चिकटवायची ही सवय लॅटिनलाही होती, ‘नेस्किओ’ म्हणजे ‘नेणे मी’, आणि इंग्रजीतल्या ‘विली निली’ मधला ‘निली’ म्हणजे ‘ने’ अधिक ‘विल’, मनात असो वा नसो. 

‘नको’ ची जोडी मात्र दक्षिणेकडे बघायला मिळते. कन्नडमधे ‘बेकु’ म्हणजे पाहिजे आणि ‘बेडा’ म्हणजे नको, अगदी आपल्यासारखी जोडी. हिंदीत असा एका शब्दाचा ‘नको’ नाही, ‘नहीं चाहिए’ म्हणावं लागतं. दखनी उर्दूने मात्र तो आपल्याकडून उचलला आणि ‘नक्को’ करून टाकला.

आणि ‘नाही’ चालवावा लागतो म्हणून जावईबापू वैतागले असतील तर त्यांना फिनिशचं उदाहरण द्या. आपण मी नाही, तू नाहीस, ते नाहीत म्हणतो, तसं फिनिशमधे नकाराचा शब्दच क्रियापदासारखा चालतो, ‘एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवात’, सहा रूपं. त्यापुढे आपलं सोपं आहे.

प्रश्न : ‘तू आला नाहीस का?’ याला उत्तर देताना हो म्हणायचं की नाही? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून रोज गैरसमज होतात.

मराठीत ‘हो, नाही आलो’ म्हटलं तर समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा, ‘नाही, आलो नाही’ म्हटलं तर घटनेचा नकार, आणि आपण दोन्ही म्हणतो, म्हणून घोळ. कोरियन आणि जपानी लोक पहिला मार्ग धरतात, तुमचं म्हणणं बरोबर असेल तर ‘ने’ किंवा ‘हाइ’, मग वाक्य नकारार्थी असलं तरी. इंग्रजीत दुसरा मार्ग, घटना घडली नसेल तर ‘नो’. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी तर खास शब्द ठेवलेत, फ्रेंचमधे ‘सी’ आणि जर्मनमधे ‘डोख’, ज्यांचा अर्थ ‘तू नाही म्हणतोयस पण खरं तर हो’. आयरिश भाषेत हो-नाही असे सुटे शब्दच नाहीत, क्रियापद परत म्हणायचं, आलास का, आलो. ग्रुपवर तुम्हीपण तेच करा, नुसतं हो किंवा नाही टाइप न करता ‘आलो’ किंवा ‘आलो नाही’ एवढं पूर्ण लिहा.